वाघासाठी बांधलेली भिंत

एका गावात वाघ कधीच आला नव्हता, तरी सगळं गाव वाघाला भिऊन होतं.

गाव डोंगराच्या पायथ्याशी. वर दाट रान. त्या रानात वाघ आहे असं जो तो सांगायचा. पाहिला कोणी, असं विचारलं की न्हाव्याकडे बोट जायचं. न्हाव्याला विचारलं तर तो म्हणायचा, "मी नाही पाहिला. पण ज्यानं पाहिला त्याला मी पाहिलाय. त्याची दाढी करता येईना, इतका थरथरत होता." एवढ्या आधारावर गावानं वीस वर्षं काढली. दिवस कलला की दारं लागायची. सरपणाला कोणी बाई एकटी गेली तर तिला घरी आल्यावर बोलणी बसायची.

गावाच्या मधोमध विहीर होती. तिला मात्र कोणी भीत नसे. जिचं पाणी रोज प्यायचं तिला कोण भिणार? विहीर जुनी, खोल, आणि तिला कठडा नव्हता. काठावर दोन फळ्या टाकलेल्या, अर्ध्या जमिनीवर, अर्ध्या विहिरीवर. फळीवर उभं राहायचं, वाकायचं, पोहरा सोडायचा आणि भरला की ओढून घ्यायचा. फळ्या बारा महिने ओल्या, वर शेवाळ. गावातली प्रत्येक बाई दिवसातून चार वेळा त्या फळ्यांवर उभी राहायची.

वर्षा-दीड वर्षानं कोणी ना कोणी पडायचंच. पण 'पडली' असं त्या गावात कोणी म्हणत नसे. बाई विहिरीत सापडली की गाव म्हणायचं, "तिनं विहीर जवळ केली." म्हणजे आपल्या मनानं उडी घेतली. मग चार दिवस तिच्या घरचं उणंदुणं निघायचं. सासूशी पटत नव्हतं. नवऱ्याचा हात उठायचा. असं काहीतरी प्रत्येक घरात असतंच, शोधायला बसलं की सापडतं. ते सापडलं की गावाचं समाधान व्हायचं, आणि दुसऱ्या दिवशी त्याच फळीवर दुसरी बाई घागर घेऊन उभी राहायची.

त्या मुलखाचा राजा बरा होता. त्यानं हुकूम काढला की दर गावाला आठ गवंडी एक महिना मिळतील. गावानं आपल्या जिवाला सगळ्यात मोठा धोका कशाचा ते सांगावं, गवंडी त्याचा बंदोबस्त करतील. एका गावाला एकच काम. पुन्हा पाळी दहा वर्षांनी.

हुकूम घेऊन राजाचा कारकून गावोगाव फिरला. माणसं काय काय सांगतात ते ऐकून तो थकून गेला होता. नदीकाठच्या गावानं सांगितलं, आम्हाला आकाशातल्या विजेची भीती. त्यांची होडी तळाला फुटलेली होती आणि तीत बसूनच ते कारकुनाला न्यायला आले होते. माळावरच्या गावानं पुराची भीती सांगितली. नदी तिथून सात कोस. एक गाव म्हणालं, परक्या माणसांपासून आम्हाला वाचवा. त्या गावात गेल्या दहा वर्षांत तीन खून झाले होते, तिन्ही भावाभावांत. कारकुनाचं काम फक्त विचारायचं, लिहायचं आणि पुढच्या गावाला जायचं.

या गावी तो आला तेव्हा चावडी भरली होती. पाटील मध्ये बसले होते. पाटील माणूस वाईट नव्हता. खोटं बोलायचा नाही, गरिबाला नाडायचा नाही. फक्त जे सगळे म्हणतात तेच त्याला खरं वाटायचं, आणि असल्या माणसाला गाव पाटील म्हणून डोक्यावर घेतंच.

"सांगा," कारकून म्हणाला. "मोठा धोका कशाचा?"

"वाघ," चावडी एका तोंडानं म्हणाली.

"किती माणसं नेली?"

"अजून नेली नाहीत," पाटील म्हणाले. "नेण्याआधीच बंदोबस्त केलेला बरा. रानाच्या अंगाला भिंत पाहिजे. दीड पुरुष उंच."

कारकुनानं लेखणी बुडवली. तेवढ्यात मागून आवाज आला, "लिहू नका जरा."

तो कुंभार होता. कुंभार चावडीत फारसा येत नसे, आला तरी दाराशी बसायचा. त्याला कारण होतं. त्या गावात माणूस गेलं की तिरडीपुढे विस्तवाचं मडकं घेऊन मुलगा चालायचा, आणि ते मडकं कुंभाराकडून यायचं. म्हणून कुंभार समोर दिसला की लोकांना बरं वाटत नसे. मडकं द्यायच्या आधी कुंभार एकच गोष्ट विचारायचा, पुढे चालणारा केवढा आहे. मोठा असेल तर मोठं मडकं. पोर असेल तर त्याच्या हातात मावेल असं लहान.

"बोल," पाटील म्हणाले.

"वाघाच्या नावानं माझ्या घरून एकही मडकं गेलेलं नाही," कुंभार म्हणाला. "विहिरीपायी गेल्या आठ वर्षांत सहा गेली. त्यांतली पाच लहान. कठडा बांधून घ्या."

चावडीत चुळबुळ झाली. न्हावी म्हणाला, "विहीर काय करणार, बाबा? त्या बायांनी विहीर जवळ केली. गवळ्याच्या सुनेचंच घे. सासूशी उभा दावा होता."

"आणि तेल्याची?"

"तिचा नवरा तापट."

"सुताराची सून? तिला सासू नव्हती, नवरा गाईसारखा."

न्हावी म्हणाला, "ती फार गप्प असायची. गप्प माणसाच्या मनात काय असतं कोणाला कळतं?"

"बरं, लोहार पडला तो?"

"तो ताडी प्यायचा."

"सकाळी सकाळी?"

"आदल्या रात्रीची असेल."

"कोष्ट्याचं पोर चार वर्षांचं होतं. त्याची सासू कोणती?"

"त्याच्या आईचं लक्ष नव्हतं," मागून कोणीतरी म्हणालं.

"म्हणजे विहिरीत गेलं ते प्रत्येक माणूस आपल्या चुकीनं गेलं," कुंभार म्हणाला, "आणि दोष काय तो एकट्या वाघाचा. ज्यानं तुमची शेळीसुद्धा खाल्ली नाही."

दोघे-तिघे हसले. पण हसून मत बदलत नाही. न्हावी म्हणाला, "कुंभारा, तुला वाघाची भीती नसेल. तुझ्याकडे गाढवं आहेत, वाघ आधी ती खाईल." यावर सगळीच चावडी हसली आणि कुंभाराचं बोलणं तिथंच संपलं.

पाटील म्हणाले, "हे बघ, विहीर वापरायची कशी हे आपल्या हातात आहे. संभाळून उभं राहिलं की झालं. वाघ आपल्या हातात नाही." हे सगळ्यांना पटलं. कारकुनानं वाघ लिहून घेतला.

भिंत सुरू झाली. कोणीतरी विचारलं, वाघ रानातून फिरून पलीकडच्या अंगानं आला तर? न्हावी म्हणाला, वाघ कशाला एवढं चालेल. तो प्रश्न तिथंच मिटला.

भिंतीला चुना लागतो आणि चुन्याला पाणी. आधी बाया दिवसाला चार खेपा करायच्या, आता बारा करू लागल्या. विहिरीभोवती चिखल झाला. एवढ्या पायांनी फळ्या जमिनीतून सुटल्या. डावीकडची तर पाय ठेवला की डुलायची. एका बाईनं घरी सांगितलं, फळी हलते. तिचा सासरा म्हणाला, "तू कशाला हलतेस? नीट उभी राहा."

महिना संपत आला, भिंत उभी राहिली. चांगली झाली होती. दोनशे पावलं लांब आणि सरळ. शेवटच्या दिवशी पूजा ठरली. पूजेचं पाणी पाटलाच्या घरच्या बाईनं स्वतः भरून आणायचं, तसा मान होता. एरवी पाटलीणबाई विहिरीवर जात नसत, पाणक्या होता. त्या दिवशी त्या नवं लुगडं नेसून, तांब्याची घागर घेऊन विहिरीवर गेल्या. बाकीच्या बायांनी बाजूला होऊन वाट दिली. पाटलीणबाई डाव्या फळीवर उभ्या राहिल्या, वाकल्या, पोहरा भरून वर ओढला आणि फळी गेली.

नशीब एवढंच की गवंडी तिथेच हातपाय धूत होते. त्यांच्याकडे दोर होते, उंचावर चढायची सवय होती. त्यांतला एक तरणा गवंडी कमरेला दोर बांधून खाली उतरला आणि बाईला वर घेऊन आला. त्या विहिरीतून जिवंत वर आलेलं ते पहिलं माणूस.

पाटलीणबाईंच्या पोटातलं पाणी काढलं, पांघरूण घातलं, घरी नेऊन निजवलं. हे होईपर्यंत गावात बोलणं सुरू झालं होतं. सकाळी पाटलांचा आवाज चढला होता म्हणे. नैवेद्यावरून काहीतरी झालं. नाही, माहेरी धाडत नव्हते, त्यावरून. दुपार व्हायच्या आत चार कारणं तयार होती आणि चारही एकमेकांना न ओळखणारी.

दुपारी गवळ्याची म्हातारी भेटायला आली. जिची सून आठ वर्षांपूर्वी विहिरीत गेली, ती ही. तेव्हापासून गावानं तिला सूनमारी म्हणून बाजूला ठेवलं होतं आणि तीही कोणाच्या दारी जात नसे. आज आली. खाटेशी बसली, पाटलीणबाईंच्या पायावरचं पांघरूण नीट केलं आणि हळूच म्हणाली, "काही झालं तरी असं करू नये, बाई. मागं राहतो त्याला फार दिवस काढावे लागतात."

"असं म्हणजे कसं, मावशी? पाय घसरला माझा."

"हो. तसंच सांगा. मी कुणाला बोलणार नाही."

"सांगा काय? घसरलाच. डावी फळी उचलली गेली, मी पुढे गेले. पोहरा हातातच होता."

म्हातारीनं विचारलं, "पोहरा हातात होता?"

"भरलेला. त्याच्याच वजनानं गेले मी. उडी घ्यायची तर पाणी कोण ओढत बसेल, मावशी?"

"तिच्या हाताला दोर गुंडाळलेला होता," म्हातारी म्हणाली. "माझ्या सुनेच्या. काढताना कापावा लागला. आदल्या संध्याकाळी मी तिला ताकावरून बोलले होते. आठ वर्षं मी तेच ताक घेऊन बसलेय."

पाटलीणबाई उठून बसल्या. त्या म्हणाल्या, "तिनं विहीर जवळ केली असं मीही म्हणाले होते, मावशी. पाच जणींत बसून म्हणाले होते."

म्हातारी उठली, डोक्यावरचा पदर नीट केला आणि निघून गेली.

पाटील दाराआड उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते आत आले आणि म्हणाले, "सकाळी मी कुणावर ओरडलो होतो का?"

"नाही."

"मग लोक असं का म्हणतात?"

"मी वर आले नसते तर तुम्हीही तसंच म्हणाला असता," पाटलीणबाई म्हणाल्या. "बसून आठवत राहिला असता, काय बोललो, कधी बोललो. आणि काहीतरी सापडलं असतं तुम्हाला."

पाटील तसेच बाहेर पडले आणि विहिरीवरची जागा पाहून आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कारकून गवंड्यांना न्यायला आला आणि निघायच्या तयारीत होता. पाटील त्याच्याकडे गेले. "विहिरीला कठडा बांधायचाय."

"तुमचं काम झालं. वाघ सांगितला होता तुम्ही."

"चुकलं."

"सगळ्याच गावांचं चुकतं," कारकून म्हणाला. "पण ते मला कोणी सांगत नाही. हुकमात दुसरं काम बसत नाही, पाटील. दहा वर्षांनी या."

"दगड आहेत आमच्याकडे. भिंतीचे."

कारकुनानं भिंतीकडे पाहिलं. "भिंत आता तुमची. ठेवा नाहीतर पाडा. गवंडी मात्र मला मोजून न्यायचे आहेत. हां, एखाद्याचा पाय मुरगळला असेल तर त्याला दोन दिवस इथं ठेवावं लागेल."

काल विहिरीत उतरलेला तरणा गवंडी खाली बसला आणि घोटा चोळू लागला. "मुरगळलाय," तो म्हणाला.

पाटील पहार घेऊन भिंतीशी गेले. चुना अजून ओला होता, पहिला दगड लवकर सुटला. गाव जमलं. न्हावी पुढे झाला. "पाटील, हे काय? वाघ आला म्हणजे?"

"आला तर माझ्या घरी पाठव."

"एका बाईपायी सगळ्या गावाचा जीव टांगणीला लावायचा? घरातलं घरात मिटवावं माणसानं."

पाटलांनी पहार खाली ठेवली. गावाला वाटलं आता न्हाव्याला चापट बसते. पण पाटील म्हणाले, "महिन्यापूर्वी मीही हेच म्हणालो असतो. म्हणून तुला काही बोलत नाही. सर बाजूला."

पण एकट्यानं भिंत हलत नाही. लोक हाताची घडी घालून उभे होते. भिंत त्यांनी महिनाभर राबून उभी केली होती आणि तिच्यामुळे त्यांना पहिल्यांदा नीट झोप लागली होती. ती झोप कोणी सहज सोडत नाही. दुपारपर्यंत पाटलांनी दहा-बारा दगड काढले आणि हाताला फोड आले.

तेव्हा कुंभार गाढवं घेऊन आला. गाढवं पाटलांच्या शेजारी उभी केली.

पाटील म्हणाले, "त्या दिवशी तुझं ऐकायला पाहिजे होतं."

"हो," कुंभार म्हणाला.

"बोल अजून. तुला अधिकार आहे."

"बोलून दगड हलत नाहीत. वर द्या."

त्याच्यामागून गवळ्याची म्हातारी आली. तिनं कोणाकडे पाहिलं नाही. एक दगड उचलला, तिला झेपेल एवढाच, आणि पदरात घेऊन विहिरीकडे चालू लागली. न्हाव्याची बायको दाराशी उभी होती. ती म्हातारीशी आठ वर्षं बोलली नव्हती. ती पुढे झाली आणि म्हणाली, "आत्या, द्या इकडे."

"माझा मी नेते," म्हातारी म्हणाली. "तू तुझा घे."

न्हाव्याच्या बायकोनं आपला घेतला. मग सुताराकडची बाई आली, तेल्याकडची आली. ज्या फळ्यांवर उभ्या राहायच्या त्या सगळ्याच आल्या. बाया दगड वाहताहेत आणि आपण हाताची घडी घालून उभे आहोत हे पुरुषांना तासाभरानं जड झालं. शेवटी न्हावीही आला. येताना म्हणाला, "निदान अर्धी तरी भिंत ठेवा." त्याला उत्तर द्यायला कोणाला वेळ नव्हता.

तिसऱ्या दिवशी कठडा पुरा झाला. छातीइतका उंच, वर सपाट दगड, घागर टेकवता येईल असा. फळ्या काढून त्यांचं सरपण केलं. तरण्या गवंड्याचा पाय बरा झाला आणि तो आपल्या वाटेनं गेला.

वाघ आला नाही. गाव त्याला अजूनही भितं. न्हावी गिऱ्हाइकाच्या गालाला साबण लावता लावता त्याची गोष्ट अजून सांगतो, आता तर वाघाचे दोन झालेत.

विहिरीत मात्र त्यानंतर दहा वर्षांत कोणी गेलं नाही. सासवा त्याच होत्या. सुना त्याच होत्या. तापट नवरे तापटच राहिले आणि गप्प बाया गप्पच. घरोघरची भांडणं पूर्वी होती तेवढीच होत होती. आणि तरी एकाही बाईनं विहीर जवळ केली नाही.

तात्पर्य: कोणी पडलं तर त्याची चूक काय होती हे शोधायला त्याच्या घरी जाऊ नये, आधी तो पडला ती जागा पाहून यावी.